मंगल कार्यालयातल्या दोनशे मिलीच्या बाटल्या आणि एक बादली पाणी

ओसरी | १७ फेब्रुवारी, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

गेल्या रविवारी सांगलीला भाचीचं लग्न झालं. घरचंच कार्य, त्यामुळे व्याही मंडळी निघून गेली, मांडववाले गाद्या गुंडाळायला लागले तरी मी कार्यालयातच होते. अहेराच्या पाकिटांची पिशवी मांडीवर आणि पाय खुर्चीवर, अशी बसलेली. समोर झाडणाऱ्या मावशी टेबलांखालून, कुंड्यांमागून, स्टेजच्या पायरीवरून पाण्याच्या त्या छोट्या बाटल्या गोळा करत होत्या. एकेक बाटली उघडायची, पाणी बादलीत ओतायचं, झाकण एका पिशवीत, बाटली चुरगाळून पोत्यात. पाणी कशाला ओतताय विचारलं तर म्हणाल्या, "पाण्यासकट न्हेलं तर भंगारवाला घेत न्हाई."

मग मीही शालू खोचून हाताला लागले. (वहिनी दुरून बघत होती, तिचा चेहरा वेगळा धागा होईल.) आमच्या वाट्याच्या शंभर बाटल्या मोजल्या. पूर्ण रिकाम्या ३७. उरलेल्या ६३ मध्ये कुठे दोन घोट, कुठे अर्धी, सहा-सात तर नुसतं सील तोडून ठेवलेल्या. त्या ६३ मधलं पाणी जमलं सहा लिटरची बादली काठोकाठ. म्हणजे शंभर बाटल्यांतल्या वीस लिटरपैकी सहा लिटर कोणी प्यायलंच नाही. त्या दिवशी अठरा खोकी फुटली होती, खोक्यात अठ्ठेचाळीस. हिशेब तुम्हीच करा.

घरी येऊन दहा रिकाम्या बाटल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या, ९८ ग्रॅम. एक लिटरची रिकामी बाटली भरली २१ ग्रॅम. म्हणजे तेवढंच लिटरभर पाणी दोनशे मिलीच्या पाच बाटल्यांतून द्यायचं तर प्लास्टिक दुपटीहून जास्त.

नवऱ्याचं म्हणणं, बाटल्या भंगारात गेल्या, रिसायकल होणार, तू कशाला जीव जाळतेस. मला ते पटलं नाही, पण नीट उत्तरही देता आलं नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. भंगारात गेलेल्या बाटलीचं पुढे नक्की होतं काय? आणि कार्यात पाण्याची सोय तुम्ही कशी केलीत, हेही लिहा.

---

तात्या पंचपात्रे | १७ फेब्रुवारी, रात्री ११:०५

आमच्या मुंजीत तांब्या-भांडं होतं. पंगतीत पाणी वाढायचं काम दहा-बारा वर्षांच्या पोरांचं, आणि भांड्यात धार उंचावरून सोडायची शर्यत. अर्धं पाणी मांडीवर. कोणी मेलं नाही.

---

कंदीलपुष्प | १७ फेब्रुवारी, रात्री ११:१८

तात्या, जे मेले नाहीत तेच धागे काढायला उरले. काविळीनं गेलेले प्रतिसाद देत नाहीत.

---

अणुरेणू | १८ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

ओसरीताई, मी सहा वर्षं बाटल्यांचे फ्लेक्स (म्हणजे बारीक तुकडे) करणाऱ्या कारखान्यात काढली आहेत, तेव्हा हे माझ्या अंगणातलं. जरा लांबेल.

मावशींच्या पोत्यातून बाटली भंगारवाल्याकडे जाते. भंगाराच्या धंद्यात तिला कुठल्याही कंपनीची असली तरी 'बिसलेरी'च म्हणतात. तिथून मोठ्या गोदामात. तिथे रंगाप्रमाणे निवड होते: पांढरी, निळसर, हिरवी वेगळी. पांढऱ्या पारदर्शकला भाव जास्त, कारण तिच्यापासून कुठल्याही रंगाचा माल निघतो. मग दाबून गठ्ठे, आणि गठ्ठे आमच्यासारख्यांच्या दारात.

कारखान्यात लेबल काढायचं, बाटलीचे नखाएवढे तुकडे करायचे आणि कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचे. इथे एक गंमत असते. बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची, ती पाण्यापेक्षा जड, म्हणून तुकडा बुडतो. झाकण दुसऱ्या प्लास्टिकचं, पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. हौदावर उभं राहिलं की वर निळ्या झाकणांची साय धरलेली दिसते आणि तळाला बर्फासारखा पांढरा चुरा. पाहण्यासारखं असतं. वैताग येतो तो पीव्हीसीच्या लेबलांचा. तेही बुडतं, पीईटीत मिसळतं आणि पुढे भट्टीत जळून अख्ख्या मालाला काळे ठिपके पाडतं.

आता मुद्द्याचं. हा चुरा बहुतेक वेळा परत बाटली होत नाही. तो वितळवून त्याचे धागे काढतात, पॉलिस्टर. उशीत भरलेला 'कापूस', रजई, सतरंजी, टीशर्ट. २०२३ साली पंतप्रधान संसदेत निळं जाकीट घालून आले होते ते बाटल्यांपासून केलेलं. (राजकारण नको, फक्त उदाहरण.) जाकिटाचं पुढे काय? ते फाटलं की कचऱ्यात. कापूस-पॉलिस्टर मिसळलेलं कापड वेगळं करणं फार अवघड. शिवाय दर धुण्याला त्यातून बारीक तंतू गटारात. म्हणजे बाटलीला एक जन्म जास्त मिळाला, मोक्ष नाही.

बाटलीची बाटली करता येते, पण त्यासाठी माल अतिशय स्वच्छ लागतो आणि जास्त तापमानाची, निर्वाताची वेगळी प्रक्रिया लागते. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनुसार कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के रिसायकल केलेला माल घालायचा आहे, २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. आकडा कागदावर दणदणीत आहे.

तरीही रिसायकलिंगला हसू नका. नव्या पीईटीच्या किलोमागे दोन-तीन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगारातून केलेल्याला बराच कमी. आणि आपल्याकडे बाटली परत येण्याचं प्रमाण चांगलं आहे. पुण्याच्या एनसीएलनं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं) काही वर्षांपूर्वी काढलेला अंदाज ९० टक्क्यांच्या घरात होता. पुष्कळ श्रीमंत देशांना ते जमलेलं नाही. त्याचं श्रेय तुमच्या त्या मावशींना.

---

कडेलोट | १८ फेब्रुवारी, सकाळी ९:५१

९० टक्के? मग राजगडावर गेल्या महिन्यात आम्ही सहा जणांनी चार पोती भरून खाली आणली ती कुठल्या १० टक्क्यांतली? पद्मावतीच्या टाक्यांपासून संजीवनी माचीपर्यंत प्रत्येक झुडपात एक बाटली. काही इतकी जुनी की हात लावला की पापडासारखी मोडते.

---

अणुरेणू | १८ फेब्रुवारी, सकाळी १०:१२

कडेलोट, जिथे उचलणाऱ्याला परवडतं तिथलीच बाटली परत येते. छोट्या बाटल्या किलोला शंभर बसतात आणि किलोला वीस रुपयांच्या आत-बाहेर मिळतात. शंभर बाटल्यांसाठी राजगड कोण चढेल? कार्यालयात मात्र एका तासात आठ किलो जमतात.

---

खवट | १८ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

चला, आता सगळे मिळून बाटलीला शिव्या घालूया.

काचेची बाटली आणा म्हणणार असाल तर ती कितीतरी पट जड, ट्रकचं डिझेल कोण मोजणार? स्टीलचे पेले आणा तर ते धुवायला पाणी आणि साबण. कागदी ग्लास आणा तर त्याला आतून प्लास्टिकचं अस्तर, ते भंगारवालाही घेत नाही. बाटली निदान विकली तरी जाते. तुमचा राग दिसणाऱ्या कचऱ्यावर आहे, न दिसणाऱ्यावर नाही.

---

ओसरी | १८ फेब्रुवारी, दुपारी १:२२

खवट, कागदी ग्लासाचं शंभर टक्के मान्य. बाकीच्यावर मी विचार करतेय, पण माझ्या बादलीतल्या सहा लिटरचं काय ते सांगा. ते पाणी उपसलं, गाळलं, भरलं, ट्रकनं आणलं, फ्रीजरमध्ये गार केलं आणि झाडांनासुद्धा न देता मोरीत गेलं.

---

निलंगेकर पाटलीण | १८ फेब्रुवारी, दुपारी ३:१६

मी लातूरची. नळाचं पाणी प्या हे पुण्या-मुंबईत बसून म्हणायला सोपं आहे, एवढंच सांगायला आले होते, पण आता लिहितेच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आमच्याकडे. मांजरा धरण कोरडं ठाक. नळाला महिना-महिना पाणी नाही. त्या उन्हाळ्यात घरात वीस लिटरचा जार आला तो आजपर्यंत गेलेला नाही. आता धरणात पाणी असतं, नळही येतो, पण सासूबाई नळाचं पाणी फक्त देवाला आणि भांड्यांना घेतात. विश्वास एकदा गेला की बसतच नाही परत.

आणि जारचं पाणी तरी येतं कुठून? बोअरमधूनच. आमच्या मागच्या गल्लीत एक प्लँट आहे. आरओचं टाकाऊ पाणी दिवसभर गटारात धार धरून जातं. जेवढं शुद्ध त्याहून जास्त गटारात. उन्हाळ्यात त्याच गल्लीतल्या हातपंपाला बाया अर्धा तास हापसतात तेव्हा कळशी भरते. दोन्ही एकाच जमिनीतलं पाणी.

---

माचीस | १८ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

+१ पाटलीणबाई.

सिंहगड रोडला राहतो. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली तेव्हा आमच्या सोसायटीत दोन दिवसांत सगळ्यांकडे जार सुरू झाले. मग पालिकेनं तपासणी केली, तर आसपासच्या काही खासगी आरओ प्लँटचंच पाणी दूषित निघालं आणि ते बंद केले. तेव्हापासून आम्ही गाळून वीस मिनिटं उकळतो. गॅस जातो, पण झोप लागते.

---

अणुरेणू | १८ फेब्रुवारी, दुपारी ४:०२

वीस मिनिटं नको हो, खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे. गॅस वाचवा.

---

राइनकाठी | १८ फेब्रुवारी, रात्री ८:३३ (इथली दुपार)

जर्मनीतून. इथे पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, 'फांड' म्हणतात. २००३ पासून. दुकानातच यंत्र असतं, बाटली भोकात ढकलायची, आत चुरडल्याचा आवाज येतो, शेवटी चिठ्ठी मिळते, ती किराणा बिलातून वजा. पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात. आई आली होती तेव्हा तिला इतकी मजा वाटली की रोज सकाळी फिरायला जाऊन बाकांजवळच्या बाटल्या वेचून आणायची. मी म्हटलं, आई, ते इथले गरीब म्हातारे गोळा करतात, त्यांचं आहे ते. दुसऱ्या दिवसापासून ती बाटल्या उचलून बाकावर नीट मांडून ठेवायला लागली.

पण एक सांगतो, फांड असूनही इथले लोक बाटलीबंद पाणी भयंकर पितात. नळाचं पाणी उत्तम असताना. परत येते म्हटल्यावर कोणाला अपराधी वाटत नाही.

---

गवळण | १८ फेब्रुवारी, रात्री ९:१०

आपल्याकडेही होतं की हे! २०१८ ची प्लास्टिकबंदी आठवा. बाटलीमागे एक रुपया, दोन रुपये परत देण्याची भाषा होती. मी तीन महिने बाटल्या साठवल्या होत्या. दुकानदार हसायचा.

गोव्यानं २०२४ मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली आहे. केदारनाथला दहा रुपये अनामतीचा प्रयोग झालाय. सिक्कीमनं तर २०२२ पासून बाटलीबंद पाणीच बंद केलं.

---

चाकरमानी ८२ | १८ फेब्रुवारी, रात्री ९:४५

मुंबईचा हिशेब देतो. महापालिकेचं घरगुती पाणी हजार लिटरला सहा-साडेसहा रुपये. भांडुपला शुद्ध होऊन थेट नळाला. बाहेर लिटरची बाटली अठरा-वीस रुपयांना. एका बाटलीच्या पैशात जवळपास तीन हजार लिटर. स्टेशनवर रेल नीर चौदा रुपयाला आहे, तरी दोन हजार लिटर होतंच.

अमेरिकेतल्या पॅसिफिक इन्स्टिट्यूटनं २००९ मध्ये ऊर्जेचा हिशेब मांडला होता. बाटलीबंद पाण्याला नळाच्या पाण्यापेक्षा हजार ते दोन हजार पट ऊर्जा लागते. त्यात सर्वात मोठा वाटा बाटली बनवण्याचा, आणि लांबून आणलं तर वाहतुकीचा. पाणी शुद्ध करण्याचा वाटा नगण्य. आपण पाण्याच्या नावाखाली प्लास्टिक आणि डिझेल विकत घेतो.

---

निशिगंधा_क | १८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

त्या बाटल्यांतून बीपीए नावाचं रसायन पाझरतं ना? मी मुलाला अजिबात देत नाही.

---

अणुरेणू | १८ फेब्रुवारी, रात्री १०:३८

निशिगंधा, पीईटीत बीपीए नसतं. हे व्हॉट्सॅपचं ज्ञान. बीपीए असतं ते वीस लिटरच्या कडक निळसर जारमध्ये, तो पॉलीकार्बोनेटचा असेल तर. पीईटीत अँटिमनी असतं, अगदी किंचित, आणि उन्हात गाडीत तापलेल्या बाटलीतून ते जास्त सुटतं. म्हणून डॅशबोर्डवरची बाटली पिऊ नये.

पण निर्धास्तही राहू नका. २०२४ च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी अमेरिकेतल्या तीन ब्रँडांचं पाणी तपासलं, तर लिटरला सरासरी २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण. नव्वद टक्के नॅनो, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे. आणि मौज म्हणजे त्यात नायलॉनही सापडलं, बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या गाळण्यांमधूनच आलेलं. शरीरात ते काय करतात यावर अजून काम चालू आहे.

---

बल्लवाचार्य | १९ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

मी केटरर आहे. एवढी चर्चा वाचली, आता स्वयंपाकघरातून ऐका.

बाटली आम्हाला आवडते म्हणून देत नाही. पाणी वाढायला माणूस मिळत नाही. चारशे पानांना सहा पोरं लागतात, त्यांची हजेरी, जेवण, शिवाय निम्मी मोबाइलवर. बाटली टेबलावर ठेवली की काम संपलं. दुसरं, जार आणि पेले ठेवले की वधूपक्षाची एक तरी आत्या येऊन विचारते, "हे कुठलं पाणी?" सील दिसलं की विचारत नाही. तिसरं, पेले धुवायला दोन बायका आणि नळाला जोर लागतो, जो निम्म्या कार्यालयांत नसतो.

पैशाचं म्हणाल तर जारच स्वस्त. पण जार घेताना परवाना बघा. थंड पाण्याचे जार विकणारे कितीतरी जण नुसतं बोअरचं पाणी गार करून देतात.

मी काही कार्यांत एक केलंय: बाटल्या टेबलावर मांडायच्या नाहीत, एका कोपऱ्यात ठेवायच्या. मागेल त्याला. खप निम्म्यावर येतो. माणूस उठून आणलेलं पाणी पितो.

---

खवट | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

हा पहिला कामाचा प्रतिसाद. बल्लवाचार्यांना साष्टांग.

---

दिवेघाट | १९ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

आमचं घर पालखीच्या वाटेवर. पूर्वी वारीला आजी रांजण भरून ठेवायची, वर ओलं फडकं, पळीनं ओंजळीत पाणी. आता ट्रक येतो, फलक लावलेला, दोन्ही बाजूंनी बाटल्या वाटतात. सेवा आहे, नाही म्हणत नाही. पण वारकरी दोन्ही हातांत टाळ-वीणा घेऊन किती बाटल्या सांभाळणार? दोन घोट घेतो आणि कडेला ठेवतो, दुसऱ्या कोणाला होईल म्हणून. उष्टं पाणी दुसरा पीत नाही. माउली पुढे गेली की घाटाच्या कडेला बाटल्यांची रांग, अर्ध्या भरलेल्या, उन्हात चमकतात.

दोन वर्षांपासून आम्ही भावकीनं पुन्हा रांजण ठेवतो. ओंजळ नको, ज्याच्याकडे गडू-बाटली आहे ती भरून द्यायची. पहिल्या वर्षी कोणी थांबेना. मग चुलत्यांनी पाण्यात वाळा टाकला, वास पसरला, रांग लागली.

---

तात्या पंचपात्रे | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:०१

वाळा!! धागा इथेच वसूल.

---

ओसरी | ११ मे, रात्री ९:२७

धागा वर काढतेय, माफ करा. हिशेब द्यायचा राहिला होता.

परवा भावाच्या मुलाची मुंज झाली, त्याच कार्यालयात. बल्लवाचार्यांचा कोपरा आणि दिवेघाट यांचा वाळा, दोन्ही चोरलं. चार माठ, लाल फडकी, शेजारी स्टीलचे दोनशे पेले भाड्यानं. पाणी कार्यालयाच्याच नळाचं, आदल्या रात्री माझ्यासमोर गाळून उकळून माठांत भरलेलं, आणि तशी पाटी लावली (आत्यांसाठी). बाटल्यांची चार खोकी कोपऱ्यात झाकून.

झालं काय? बाराच्या सुमारास पेल्यांचा तुटवडा. धुवायला ठरवलेली एक बाई आलीच नाही, मग मी आणि वहिनी (तीच) पदर खोचून मोरीत. दोन माठ लवकर संपले, पुन्हा भरलेलं पाणी गार व्हायला वेळच नव्हता, त्यावर कुजबुज झाली. आमच्या घरच्या मावशीनं व्याही मंडळींच्या खोलीत एक खोकं गुपचूप पाठवलंच. एकूण अडीच खोकी संपली. मागच्या वेळची अठरा, माणसं थोडी कमी होती हे धरूनही.

संध्याकाळी त्या झाडणाऱ्या मावशी पोतं घेऊन आल्या. टेबलांखाली वाकून बघितलं, कुंड्यांमागे बघितलं. मग माझ्याकडे आल्या. "ताई, यंदा बाटल्या कुठं गेल्या?"

मी हौसेनं माठ दाखवले. त्यांनी पेलाभर पाणी प्यायलं, चांगलंय म्हणाल्या, आणि रिकामं पोतं घडी करून कमरेला खोचलं. अणुरेणूंच्या भावानं मोजलं तर फेब्रुवारीत त्यांना दीडशेच्या वर रुपये सुटले असणार. परवा वीस-पंचवीस.

मी त्यांना जिलबीचा डबा दिला आणि मोरीत राबणाऱ्या बाईची हजेरी पुढच्या कार्यापासून त्यांनाच द्या म्हणून भावाला सांगितलं. भाऊ हो म्हणालाय. पुढचं कार्य कधी, ते मात्र कोणालाच ठाऊक नाही.

---

बल्लवाचार्य | ११ मे, रात्री ९:५०

पेले पाहुण्यांच्या दीडपट घ्यायचे असतात, ताई. विचारायचं होतं.

---

खवट | ११ मे, रात्री १०:०४

जिलबी कोणाकडची होती?